‘देवाने सांगितलं’ म्हटल्यावर नवऱ्याशी बोलायचं कसं?

पत्र थोडक्यात असं: मूळची कोकणातली, वय ३४, आठ वर्षं अमेरिकेत, सध्या युटा राज्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. नवरा तिथलाच, पिढ्यान्‌पिढ्या मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) असलेल्या घरातला. लग्नानंतर दोन वर्षांनी हिने स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घेतला, कारण त्यांचा धर्मग्रंथ बुक ऑफ मॉर्मन वाचून एका रात्री प्रार्थना केली तेव्हा छातीत ऊब पसरली, रडू आलं, आणि तो अनुभव खरा होता असं ती आजही म्हणते. आता सात महिन्यांची मुलगी आहे. मध्यंतरी वॉर्डाच्या, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीच्या, बिशपने (प्रमुखाने) ऑफिसात बोलावून सांगितलं की प्रायमरीची, म्हणजे लहान मुलांच्या रविवारच्या वर्गांची जबाबदारी तुझ्याकडे यावी अशी प्रभूची इच्छा आहे, मी प्रार्थना केली आणि तुझंच नाव समोर आलं. ही हो म्हणाली. नंतर सहज बोलण्यात कळलं की आधी दोघींना विचारून झालं होतं, त्या नाही म्हणाल्या म्हणून हिचा नंबर लागला. त्यानंतर महिन्याभरात दूध साकळून हिला सडकून ताप आला, नवऱ्याने डोक्यावर तेलाचा थेंब लावून, दोन्ही हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि त्या आशीर्वादात मध्येच त्याच्या तोंडून आलं की तू नोकरी सोडून मुलीजवळ घरी राहावंस ही प्रभूची इच्छा आहे. हिने नंतर प्रार्थना केली, काहीच जाणवलं नाही. तो म्हणतो, मन मऊ करून पुन्हा विचार. तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत: “ताई, ही सगळी माणसं खोटं बोलतायत का? माझं ते तेव्हाचं रडू खोटं होतं का? आणि देवाच्या नावाने सांगितलेल्याला नाही कसं म्हणायचं? आईला सांगायची सोय नाही, ती म्हणेल, बाटलीस तेव्हाच सांगितलं होतं.”

माझं उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या एका वाक्यापाशी थांबले जिथे तू लिहिलंयस की आशीर्वाद देताना तो तुझं पूर्ण नाव घेतो, वडिलांच्या नावासकट, आणि युटामध्ये तुझं अख्खं नाव नीट उच्चारणारा तो एकटाच माणूस आहे. अंगात ताप, घरात रडणारं बाळ, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली ती करंगळीएवढी तेलाची डबी, आणि डोक्यावर दोन गरम हात. अशा वेळी माणूस सगळ्यात उघडा असतो गं. म्हणून त्या क्षणी आलेलं ‘नोकरी सोड’ तुला इतकं लागलं, जेवताना तो हेच बोलला असता तर तू सरळ भांडली असतीस आणि विषय तिथेच मिटला असता.

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल. खोटं बोलतायत का? मला नाही वाटत. पण तू दोनच दारं ठेवली आहेस, एक तर देव खरंच बोलला नाहीतर माणसं खोटारडी, आणि या दोन दारांच्या मधे खूप मोठी खोली आहे जिथे जगातली बहुतेक श्रद्धाळू माणसं राहतात. माझ्या आजोळी देवळात कौल लावायचे. गुरव देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार. माझ्या मामाला आंब्याची बाग विकायची होती. पहिला कौल डावा पडला. मामा म्हणाला प्रश्न नीट मांडला नाही. पुन्हा लावला, पुन्हा डावा. मग दोन दिवसांनी लावला, तो उजवा पडला, आणि मामा डोळ्यांत पाणी आणून हात जोडून उभा राहिला. मी नऊ-दहा वर्षांची असेन, मला तो चेहरा अजून आठवतो. तो माणूस खोटं बोलत नव्हता बरं का, त्याला मनापासून वाटलं की देव बोलला. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, की डाव्या कौलानंतर पुन्हा विचारलं आणि उजव्यानंतर विचारायचं थांबलं.

तुझ्या घरात आत्ता नेमकं हेच चाललंय. तुला ‘काहीच जाणवलं नाही’ हे उत्तर नाहीये, पुन्हा विचार. उद्या दमून, रडवेली होऊन तुला काहीतरी जाणवलं तर ते मात्र उत्तर, मग विचारायचं बंद. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालतं तो प्रश्न नसतो, आणि हे मी श्रद्धेच्या विरोधात म्हणत नाहीये, तू ज्या धर्मात गेलीस त्याच धर्माची ही शिकवण आहे, ती तुला पुढे दाखवते.

मी स्वतः तीन वर्षं सॉल्ट लेक सिटीत काढली आहेत, शेजारचं कुटुंब मॉर्मन होतं. (त्यांच्या चर्चने २०१८ पासून पूर्ण नावाचा आग्रह धरलाय, मॉर्मन म्हटलेलं अनेकांना आवडत नाही, पण आपल्याकडच्या वाचकांना दुसरा शब्द कळणार नाही म्हणून तोच वापरते.) इतकी मदत करणारी माणसं मी कमी पाहिली, माझ्या बाळंतपणात दहा दिवस कोणी ना कोणी डबा आणून देत होतं, आणि स्वतः चहा पीत नसली तरी माझ्यासाठी चहाची पातेली घासून गेलेली बाई मी विसरणार नाही. त्यांच्याबरोबर एकदा महिन्याच्या पहिल्या रविवारी गेले, तो उपासाचा रविवार असतो, आणि लोक एकेक करून माइकपाशी जाऊन साक्ष देतात. एक चार वर्षांची मुलगी आईच्या कडेवर होती. आई कानात कुजबुजायची, मुलगी माइकमध्ये म्हणायची: मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे. मला माहीत आहे की जोसेफ स्मिथ (या चर्चचे संस्थापक) प्रेषित होते. सगळे कौतुकाने हसले, मलाही ती गोडच वाटली. पण घरी येताना डोक्यात ‘माहीत आहे’ हे शब्द राहिले. ‘वाटतं’ नाही, ‘आशा आहे’ नाही, ‘माहीत आहे’. तुझा नवरा चार वर्षांचा असताना असाच कोणाच्या तरी कडेवर असणार. त्याला ‘मला वाटतं तू घरी राहावंस’ हे वाक्य कदाचित कोणी शिकवलंच नाही. त्याच्या घरात तीव्र इच्छा आणि देवाचा आवाज या दोन गोष्टी एकाच शब्दात बोलल्या जातात, त्यांना ते प्रॉम्प्टिंग म्हणतात, आणि किल्ल्या सापडण्यापासून लग्नापर्यंत सगळ्याला तो एकच शब्द लागतो.

आता तो आवाज कुठून आला असेल याचा जरा शांतपणे विचार कर. १९८७ मध्ये त्या चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी आयांना उद्देशून भाषण केलं होतं, त्यात मुलांच्या आयांनी नोकरी-धंदा सोडून घरी यावं असा अगदी स्पष्ट सल्ला होता. चर्चमध्ये अध्यक्ष म्हणजे प्रेषित. तुझ्या सासूच्या वयाच्या कितीतरी बायकांनी तो देवाचा शब्द मानून नोकऱ्या सोडल्या, शिक्षणं अर्धी टाकली. तुझा नवरा अशाच घरात वाढला असेल, दुपारी शाळेतून आल्यावर आई दारात, ओव्हनमध्ये ब्रेड, आणि सुरक्षित वाटणं म्हणजे हेच. बाळ झाल्यावर, बायको तापाने फणफणलेली पाहिल्यावर, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आईच्या घराचा आवाज आला असेल तर त्यात नवल काय? त्याला तो आवाज ओळखीचा, मऊ आणि पवित्र वाटला, कारण तो तसाच होता. पण ओळखीचा आवाज म्हणजे देवाचा आवाज असं नाही. आणि त्याच चर्चच्या जगभरातल्या महिला संघटनेच्या, रिलीफ सोसायटीच्या, अध्यक्षपदी २०२२ मध्ये आलेल्या कॅमिल जॉन्सन या वकील आहेत, त्यांनी मुलं वाढवत वर्षानुवर्षं वकिली केली. म्हणजे एकाच देवाने एकीला कोर्टात पाठवलं आणि तुला घरी बसवलं असं म्हणायचं का? म्हणता येईलही, पण मग ते तुलाच विचारून ठरायला हवं, तुझ्या डोक्यावरून नाही.

आणि हा ‘तुलाच’ शब्द महत्त्वाचा आहे. इतिहासात एक गंमतीची नाही, फार गंभीर गोष्ट आहे. १८३० च्या एप्रिलमध्ये चर्च स्थापन झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत हायरम पेज नावाच्या माणसाकडे एक दगड होता, त्यातून आपल्याला साऱ्या चर्चसाठी देवाचे संदेश मिळतात असं तो सांगायला लागला, आणि ऑलिव्हर कौडरीसारखी बिनीची माणसं त्यावर विश्वास ठेवायला लागली. जोसेफ स्मिथने त्याला उत्तर दिलं ते असं की साऱ्या चर्चसाठीचा संदेश फक्त एकालाच मिळेल, बाकीच्यांना आपापल्या कक्षेपुरता. तेव्हापासून नियमच झाला, ज्याची जेवढी जबाबदारी तेवढ्यापुरतीच त्याला प्रेरणा. बाहेरून बघणारा म्हणेल की हा तर सत्ता एका हातात ठेवायचा मार्ग झाला, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहेच. पण तुझ्यासाठी हाच नियम ढाल आहे. १९८१ मध्ये डॅलिन ओक्स, जे पुढे चर्चचे अध्यक्ष झाले, त्यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बोलताना उदाहरण दिलं होतं की एखादा तरुण मुलीला येऊन म्हणतो, तूच माझी बायको होणार असं मला देवाने सांगितलंय. ओक्स यांचं म्हणणं असं होतं की खरंच तसं असेल तर तिने विचारल्यावर तिलाही थेट कळेल, आणि तोपर्यंत त्या मुलीवर काहीही बंधन नाही. काहीही बंधन नाही! तुझी केस याहून वेगळी आहे का? तुझी नोकरी, तुझं करिअर, तुझं शरीर, तुझं आईपण. तू विचारलंस. तुला नाही जाणवलं. त्यांच्याच हिशेबाने विषय संपला.

नवरा म्हणेल की मी घराचा प्रमुख, माझ्याकडे प्रीस्टहूड (देवाच्या नावाने काम करायचा अधिकार) आहे. तेव्हा त्याला १८३९ मधलं ते पत्र आठवायला सांग जे जोसेफ स्मिथने मिझूरीतल्या लिबर्टीच्या तुरुंगातून लिहिलं होतं, आणि जे आता त्यांच्या शास्त्राचा भाग आहे. तुझ्या नवऱ्याने मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, असताना ते पाठ केलेलं असण्याची शक्यता खूप आहे. त्यात म्हटलंय की प्रीस्टहूडच्या नावावर कोणावर हुकूम गाजवता येत नाही, पटवून द्यावं लागतं, धीर धरावा लागतो, मृदुपणे आणि खऱ्या प्रेमाने वागावं लागतं. पटवून देणं म्हणजे समोरच्याला न पटण्याची मुभा असणं, दुसरा अर्थच निघत नाही त्याचा.

तू विचारलंयस की मग त्या लोकांना आतून जे कळतं त्यावर भरवसा ठेवायचा की नाही. मी श्रद्धाळू घरातली आहे, आतल्या आवाजाला मी हलकं लेखणार नाही. पण आतला आवाज चुकतो, आणि सगळ्यात पवित्र मानलेल्या माणसांचाही चुकतो, याची कबुली त्या धर्माच्या सुरुवातीलाच आहे. बुक ऑफ मॉर्मन छापायचं होतं, पाच हजार प्रती, तीन हजार डॉलर, त्या काळी केवढी रक्कम, त्यासाठी मार्टिन हॅरिस या अनुयायाने शेत गहाण टाकलं होतं. १८३० च्या सुरुवातीला जोसेफ स्मिथला संदेश मिळाला की कॅनडात जा आणि पुस्तकाचा कॉपीराइट विका. कौडरी आणि पेज यांच्यासह काही जण कॅनडात गेले. बोहनी झाली नाही, रिकाम्या हाताने परत आले. डेव्हिड व्हिटमर, जो त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या साक्षीदारांपैकी एक, त्याने पुढे १८८७ मध्ये लिहून ठेवलं की परत आल्यावर जोसेफला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, काही संदेश देवाचे असतात, काही माणसाचे, काही सैतानाचे. व्हिटमर तोपर्यंत चर्च सोडून गेलेला होता आणि मधे पन्नासहून जास्त वर्षं गेली होती, त्यामुळे हे त्याचं म्हणणं म्हणूनच घ्यायचं. आणि चर्चवाले असंही दाखवतात की त्या संदेशात अट होती, लोकांची मनं कठोर नसली तर. पण अट असो नसो, थंडीत इतका प्रवास करून आलेल्या त्या माणसांना काय वाटलं असेल याचा विचार कर. तुला आत्ता जे वाटतंय तेच.

मग दीडशे वर्षांनी, १९८० च्या दशकात, सॉल्ट लेकमध्ये मार्क हॉफमन नावाचा माणूस होता, चर्चच्या सुरुवातीच्या काळातली जुनी पत्रं ‘शोधून’ विकायचा. बरीचशी बनावट. त्यातली कितीतरी चर्चच्या वरिष्ठांनी घेतली, त्यातल्या कोणालाही आतून धोक्याची घंटा ऐकू आली नाही. शेवटी पितळ उघडं पडायला लागलं तेव्हा ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने बॉम्ब ठेवले, त्यात दोन निष्पाप माणसं गेली, आणि खरं काय ते पोलिसांच्या तपासाने आणि शाई-कागद तपासणाऱ्या तज्ज्ञांनी बाहेर काढलं. त्या वरिष्ठांना वाईट म्हणायला मी हे सांगत नाहीये, त्यांची फसवणूक झाली, तज्ज्ञही फसले होते. सांगायचंय ते एवढंच की शाई तपासण्याच्या ठिकाणी शाईच तपासावी लागते. तुमच्या घराच्या हप्त्याच्या ठिकाणी हप्ताच बघावा लागेल.

मोठ्या निर्णयांतही हे दिसतं. कृष्णवर्णीय पुरुषांना प्रीस्टहूड न देण्याचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९७८ पर्यंत चालला, मग तो संदेशाने उठला, आणि २०१३ मध्ये चर्चनेच लिहिलं की त्या नियमाची जी कारणं पूर्वी दिली जायची ती आम्ही नाकारतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा न देण्याचं धोरण आलं, ते प्रेषिताला मिळालेल्या प्रेरणेने आलं असं चर्चचे वरिष्ठ नेते रसेल नेल्सन यांनी पुढच्या जानेवारीत सांगितलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये ते मागे घेतलं गेलं तेही प्रेरणेनेच. त्या साडेतीन वर्षांत ज्या मुलांना दारात थांबवलं, त्यांना कोणी काय सांगायचं? मला याचं उत्तर देता येत नाही आणि मला याचा रागही येतो, तो मी लपवणार नाही.

आता तुझं रडू. हे मला जपून लिहायचंय. तू विचारतेस ते खोटं होतं का, आणि मला दिसतंय की तू ते स्वतःच्या हाताने पुसून टाकायला निघाली आहेस, म्हणजे नवऱ्याचं चुकलं असेल तर माझंही चुकलं असणार, मी मूर्ख होते. थांब जरा. २०१६ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मिशन करून आलेल्या १९ तरुण मॉर्मनांना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांचे धर्मग्रंथ, प्रार्थना, व्हिडिओ दाखवले आणि ‘आत्मा (म्हणजे देवाचा पवित्र आत्मा) जाणवला’ की बटण दाबायला सांगितलं. त्या क्षणी मेंदूतला तोच भाग जागा होताना दिसला जो प्रेमाने, संगीताने, बक्षिसाने होतो. यातून देव आहे हेही सिद्ध होत नाही आणि नाही हेही नाही. पण एक मात्र कळतं, की ती ऊब खरी असते, शरीरात घडते. वारीत रिंगण बघताना घसा दाटतो तो खोटा असतो का? परदेशात एकटी असताना, रात्री अकरा वाजता, पहिल्यांदा कोणीतरी म्हणतंय की देवाला तू थेट विचार, मधे कोणी नको, आणि तू विचारलंस आणि भरून आलं. ते तुझं आहे. त्याचा अर्थ काय लावायचा ते तू सावकाश, दहा वर्षांनी ठरवलंस तरी चालेल. फक्त त्या उबेने ‘मी इथे सुरक्षित आहे’ सांगितलं असेल तर त्यावर ‘म्हणून बिशप म्हणेल ते हो’ आणि ‘म्हणून नोकरी सोड’ असे मजले चढवू नकोस, पाया तेवढं वजन घेत नाही. त्यांच्याच एका अध्यक्षांनी, हॉवर्ड हंटर यांनी, बजावून ठेवलंय की डोळ्यांत पाणी आलं म्हणजे आत्मा हजर आहे असं समीकरण मांडलं की मला काळजी वाटते.

आणि ‘काहीच जाणवलं नाही’ हा तुझा दोष आहे असं मनातून काढून टाक. दूध पाजणारी, रात्रीत चारदा उठणारी, दिवसा स्टँडअप मीटिंगला बसणारी बाई. तिला झोप जाणवते, तेवढंच. मन मऊ आहे की कठोर, याची परीक्षा अशा अंगावर घ्यायची नसते.

आता करायचं काय. सोपं आधी. प्रायमरीचं काम झेपत नसेल तर बिशपला भेट आणि सांग की मुलगी लहान आहे, मला यातून मोकळं करा. याला रिलीज म्हणतात, रोज कोणाचं ना कोणाचं होत असतं. तू तिसरी होतीस याचा जाब विचारू नकोस, त्यातून काही निघणार नाही. तो बिनपगारी माणूस आहे, दिवसभर स्वतःची नोकरी करून रात्री यादी घेऊन बसतो, दोन नकारांनंतर तुझं नाव सुचल्यावर त्याला खरंच हायसं वाटलं असेल आणि ते हायसं वाटणंच त्याला उत्तर वाटलं असेल. पण एक बघ, त्या आधीच्या दोघी नाही म्हणाल्या आणि आभाळ कोसळलं नाही. त्या अजून रविवारी त्याच बाकावर बसतात ना? हे तूच लिहिलंयस.

अवघड नवऱ्याशी बोलणं. रविवारी बोलू नकोस, चर्चमधून आल्यावर तर नाहीच, आणि बेडरूममध्येही नको. शनिवारी सकाळी, मुलगी झोपली की, टेबलावर कागद घेऊन बसा. त्याला म्हण: देवाने काय सांगितलं ते आपण बाजूला ठेवू, नाकारत नाहीये मी, फक्त बाजूला. तुला काय वाटतं ते सांग. तुला कशाची भीती वाटते? आणि मग गप्प बस, त्याला वेळ लागेल, त्याला या भाषेत बोलायची सवय नाही. बहुतेक निघेल ते असं असेल की डे-केअरमध्ये मुलीला ठेवायला जीव होत नाही, किंवा तू फार दमलेली दिसतेस, किंवा त्याची आई काहीतरी बोलली. या सगळ्यांवर बोलता येतं! डे-केअर बदलता येतं, दोघांपैकी एकाने आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येतं, त्यालाही सुट्टी घेता येते. देवाच्या आज्ञेवर बोलता येत नाही, तिथे फक्त पाळणं किंवा मोडणं उरतं, आणि नवरा-बायकोत ही दोनच क्रियापदं उरली की संसार हळूहळू मुका होतो.

मग कागदावर आकडे लिहा. दोघांचे पगार, घराचा हप्ता, आरोग्य विमा कोणाच्या नोकरीतून आहे, चर्चला जाणारा दशांश, आईला पाठवतेस ते पैसे, आणि पाच वर्षांनी परत नोकरी शोधायची झाली तर काय. तो कुरकुरला तर त्याला १८२९ ची गोष्ट सांग, ऑलिव्हर कौडरीला बुक ऑफ मॉर्मनचं भाषांतर जमेना तेव्हा त्याला उत्तर मिळालं होतं की तू नुसतं मागितलंस, विचार केला नाहीस, आधी स्वतःच्या डोक्याने अभ्यास कर, मग मला विचार, बरोबर असेल तर छातीत ऊब येईल. लोक ती ऊब लक्षात ठेवतात, त्याआधीचा अभ्यास विसरतात.

आणखी एक, हे अशाच परिस्थितीतल्या इतरांसाठीही, मग ते चर्च असो, गुरुमाउली असो की घरातली अंगात येणारी काकू. एक वही ठेवा. ज्या दिवशी कोणी ‘मला आतून कळलं’ म्हणेल, किंवा तुम्हालाच कळेल, त्या दिवशी तारीख घालून नेमकं काय कळलं ते लिहा, घडायच्या आधी. सहा महिन्यांनी बघा. जे खरं ठरलं तेही आणि जे हवेत विरलं तेही. आपण माइकवर फक्त सापडलेल्या किल्ल्यांची गोष्ट सांगतो, न सापडलेल्या किल्ल्यांची साक्ष कोणी देत नाही. मॉर्मन परंपरेत तर डायरीला मोठा मान आहे, विल्फर्ड वुडरफ या त्यांच्या अध्यक्षांनी साठहून जास्त वर्षं डायरी लिहिली, त्यामुळे नवऱ्यालाही हे परकं वाटणार नाही, दोघं मिळून एकच वही ठेवलीत तर उत्तमच.

बिशपला तुमच्या भांडणात पंच करू नका. तो भला असला तरी तो लग्नाचा समुपदेशक नाही, आणि ‘कोणाची प्रेरणा खरी’ हा खटला त्याच्यापुढे गेला की तू आधीच हरलेली असशील. समुपदेशक हवा असेल तर वॉर्डाबाहेरचा बघ, दोघांना मान्य असलेला. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते, तुझ्या घरी तसं नाहीये असं दिसतंय तरी. देवाच्या नावाखाली कोणी तुमचा पगार स्वतःच्या ताब्यात घेत असेल, तुमचे कागदपत्र लपवत असेल, नको असताना मूल किंवा शरीरसंबंध लादत असेल, माहेरी फोन करू देत नसेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न उरत नाही, तिथे वही आणि चर्चा कामाची नाही, घरगुती हिंसाचाराच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि मुलांसकट बाहेर पडायची सोय आधी बघा.

श्रद्धेचं काय करायचं हे आत्ताच ठरवायचं नाही. राहायचं, सोडायचं, अर्धं राहायचं, यातलं काहीही या महिन्यात ठरवायची गरज नाही, जोसेफ स्मिथ खरा की खोटा याचा निकाल लागल्याशिवाय नोकरीचा निकाल लागणार नाही असं थोडंच आहे. पहिल्या रविवारी माइकपाशी जायचं नसेल तर जाऊ नकोस. जावंसं वाटलं तर ‘मला माहीत आहे’ ऐवजी ‘मला आशा आहे’ म्हणून बघ, वाक्य तोंडात कसं वाटतं ते तुझं तुला कळेल.

आईबद्दल. तिला आत्ता सगळं सांगू नकोस, तुझी शंका म्हणजे तिचा विजय असं व्हायला नको, तुझं दुःख तिच्या ‘बघ’ मध्ये अडकेल. पण नोकरीचं सांग. ‘हे नोकरी सोड म्हणतायत, मला सोडायची नाही’ एवढं सांग. कोकणातल्या त्या बाईला देवाचं कोडं सोडवता येईल न येईल, मुलीच्या हातातला पैसा म्हणजे काय हे तिला पुस्तक न वाचता कळतं.

आणि पुढच्या वेळी ताप आला की त्याला आधीच सांगून ठेव, डोक्यावर हात ठेव, माझं नाव पूर्ण घे, मला बरं वाटू दे एवढंच माग, नोकरीचं आपण उद्या स्वयंपाकघरात बोलू.